मृगाला घाई केलेली बाग: जुळे सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

बँकेतून निवृत्त झालेले काका, काकू आणि त्यांची सून अशी तिघं मिळून ही बाग सांभाळतात. घर जुळे सोलापुरात. पूर्वेला मातीचा तुकडा आहे, साधारण बारा बाय वीस फुटांचा. उत्तरेला घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये पाच फुटांची पट्टी. बाकी सगळं गच्चीवर: मातीच्या आणि सिमेंटच्या कुंड्या, रंगाच्या रिकाम्या बादल्या, दोन जुने टब. जमीन काळी, भारी. पिण्याचं पाणी काही दिवसांआड येतं, बागेला बोअरचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सुनेने मला बोलावलं. रोहिणी नक्षत्र लागलं होतं, मृग तोंडावर होता, आणि तिच्या हातात नर्सरीतून आणायच्या रोपांची यादी होती. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू, ढोबळी मिरची, फुलकोबी, काय नव्हतं त्यात. बेत असा की पहिला पाऊस पडला की सगळं एकदम लावून टाकायचं. "उन्हाळ्यात निम्मी बाग गेली, ताई. आता पाऊस आला की भरून काढू," ती म्हणाली.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण हा बेत सोलापुरातल्या बहुतेक घरांत दरवर्षी ठरतो आणि जुलैअखेर फसतो. घरच्या बागेविषयी आपण जे ऐकतो, वाचतो, त्यातलं बरंचसं पुण्या-कोकणाकडच्या पावसावर बेतलेलं असतं. आपला पाऊस तसा नाही.

बागेत काय दिसलं

आधी नुकसान पाहिलं. टोमॅटोची झाडं वाळून काठ्या झाली होती. ती एप्रिलमध्येच थकली होती, कारण दिवसाचं तापमान चाळीसच्या वर आणि रात्रही उबदार, अशा हवेत टोमॅटोचं परागीकरण होत नाही आणि फुलं गळतात. कितीही पाणी घातलं तरी मेमध्ये सोलापुरात टोमॅटो धरत नाही, आणि यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो.

वांग्याची सहा झाडं उंच, लाकडासारखी झालेली, टोकाला चार पानं. मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली होती. दोडक्याचा वेल अर्धा सुकलेला, पण त्यावर दोन जून झालेले दोडके बियांसाठी राखलेले होते, ते काकूंचं काम. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण. मोगऱ्याचा बहर नुकताच संपलेला. फाटकाजवळ शेवगा. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.

सगळ्यात वाईट अवस्था उत्तरेच्या पट्टीत होती, आणि तीच घरच्यांना कळत नव्हती. मार्चमध्ये ऊन वाढलं तेव्हा काकांनी गच्चीवरच्या गुलाबाच्या आणि शेवंतीच्या कुंड्या खाली आणून या पट्टीत ठेवल्या होत्या, कारण थंडीत तिथे दिवसभर सावली असते. मार्चभर त्या छान राहिल्या. मेमध्ये करपल्या. शेवंतीची पानं कडेने कागदासारखी झाली, गुलाबाच्या दोन कुंड्या तर गेल्याच. "सावलीत ठेवून जळाल्या, म्हणजे पाणीच कमी पडलं," असं काकांचं म्हणणं, आणि म्हणून ते रोज दोनदा बोअरचं पाणी घालत होते.

मी त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत मुद्दाम तिथेच थांबले. चार वाजल्यापासून उन्हाची तिरीप वायव्येकडून सरळ त्या पट्टीत शिरत होती आणि कुंड्यांच्या मागची भिंत हात ठेवता येणार नाही इतकी तापलेली. सकाळीही तेच, ईशान्येकडून. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस. तिथून पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो. या अडीच-पावणेतीन महिन्यांत घराची उत्तर बाजू उन्हाची असते आणि दक्षिण बाजूला सावली मिळते. भर दुपारी छज्जा थोडा आडोसा देतो, पण सकाळ-संध्याकाळ नाही. कुंड्या जिथे वाचवायला ठेवल्या होत्या तिथेच भाजून निघत होत्या.

काकांना हे पटवायला सांगावं काही लागलं नाही. ते स्वतः खुर्ची टाकून बसले, सावली कुठून कुठे सरकते ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या दक्षिणेच्या अरुंद बोळात गेल्या, जिथे आजवर फक्त गॅसची टाकी आणि झाडू असायचे.

पाण्याची आणि मातीची तपासणी

दुसरं कारण कुंड्यांच्या काठावर लिहिलेलं होतं. पांढरा थर. बोअरच्या पाण्यातले क्षार, दिवसातून दोनदा, दोन महिने. पाणी उडून जातं, क्षार राहतात. मुळांभोवती क्षार साठले की झाडाला ओली माती असूनही पाणी ओढता येत नाही आणि पानांच्या कडा जळतात. म्हणजे काका जितकं जास्त पाणी घालत होते तितकं झाड जास्त तहानलेलं. घरातल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही ते "वाया जायला नको" म्हणून कुंड्यांना घालत. त्यात तर क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावं, कुंडीला कधी नाही.

जमिनीतल्या मातीचं वेगळं. पूर्वेच्या तुकड्यात भेगा पडल्या होत्या, काही ठिकाणी हाताचा पंजा उभा जाईल एवढ्या. मी एक ढेकूळ फोडलं. आत पांढऱ्या चुनखडीचे दाणे होते. काकूंनी लिंबू आणलं, त्या दाण्यांवर चार थेंब पिळले आणि बारीक बुडबुडे उठले. हीच कढीपत्त्याच्या पिवळेपणाची गोष्ट. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. उसाच्या शेतात शेतकरी याला केवडा म्हणतात. उपाय साधा: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात लिंबाचा थोडा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं तशीच राहिली, त्याला इलाज नव्हता.

सोलापूरचा पाऊस आणि ती यादी

आता यादीकडे. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. जूनमध्ये वळीव आणि मृगाच्या सरी जोरदार येतात, माती भिजते, सगळं हिरवं दिसतं. मग जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस तुटतो. ढग रोज येतात, पडत नाहीत, आणि पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो. सह्याद्रीवर पाणी टाकून रिकामा होऊन आलेला तो वारा. गच्चीवरच्या कुंडीला जुलैचा हा वारा मेच्या उन्हाइतकाच लागतो, फक्त आभाळ भरलेलं असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी हे कधीपासून जाणतो. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. मंगळवेढ्याची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरली जाते आणि पुढे थंडीत, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या त्या ओलाव्यावरच पिकते. इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे ते काही उगाच नाही. जे शेतात खरं आहे ते अंगणातही खरंच असणार. मृगात सगळी रोपं लावणं म्हणजे कोवळी रोपं जुलैच्या खंडात ढकलणं.

म्हणून मी सुचवलं ते असं. जूनमध्ये बाग भरायची नाही, मोकळी करायची. काटक बियाणं तेवढं जूनमध्ये टोचायचं. नाजूक, पाणीखाऊ रोपं घरीच बियांपासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायची, म्हणजे ती ऑगस्टअखेर लावणीला येतील आणि त्यांना सप्टेंबरचा पाऊस मिळेल.

सुनेला हे सगळं मान्य झालं नाही. "सगळ्यांची बाग जूनमध्ये हिरवी दिसणार आणि आपलीच उघडी?" तिने सहा टोमॅटो आणि सहा मिरची मृगातच लावायची ठरवली. ठीक आहे म्हटलं. एकाच वाफ्यात तुलना होईल.

काढलं काय, राखलं काय

उन्हाळा संपताना बागेत सगळ्यात अवघड काम उपटण्याचं असतं. काकू मिरचीच्या एका झाडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ह्याला अजून दोन फुलं आहेत की." खरंच होती. पण त्या झाडाची पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला होता, म्हणजे पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही आणि ते झाड ठेवलं तर नव्या रोपांना तोच रोग लागणार. आठांपैकी अशी पाच काढली. उरलेल्या तिघांची पानं फक्त वर वळलेली होती, नवे शेंडे निरोगी होते. हे फुलकिड्यांचं काम. पानं खाली वळली असती तर कोळी या बारीक किडीवर संशय घेतला असता. त्या तिघांचे शेंडे खुडले आणि निंबोळी अर्क मारला. रोगट झाडं खताच्या ढिगात टाकली नाहीत, कचरागाडीत दिली.

निंबोळीचं सांगायलाच हवं. मेअखेर ते जुलै कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो आणि आपण तो झाडून टाकतो. वेचून, गर काढून, सावलीत वाळवल्या की वर्षाचं औषध झालं. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, एक लिटर करायची, चिमूटभर साबण घालायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. ठेवून उपयोग नाही. या घरासमोरच्या गल्लीत मोठा कडुनिंब आहे. त्या जूनमध्ये काकूंनी दोन पाट्या निंबोळ्या वाळवल्या.

वांगी राखली. झाडाचं खोड निरोगी असेल तर जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून छाटलं की ते नव्याने फुटतं आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा फळं येतात. छाटलेल्या फांद्यांमध्ये शेंडे पोखरणारी अळी निघाली, त्या फांद्या लगेच बाहेर गेल्या. सहांपैकी एका खोडाच्या आत पोकळी होती, ते उपटलं.

जास्वंदीवर पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं पाणी, असं आठवड्यातून एकदा. खोडाला मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा खातात आणि त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, म्हणून खोडाभोवती चिकट पट्टी बांधली. मुंग्या थांबल्यावर ढेकूण आटोक्यात आला. फक्त फवारत राहिलं असतं तर नसता आला.

शेवग्याच्या लांब फांद्या उतरवल्या. वळवाच्या वाऱ्यात पहिला मोडतो तो शेवगा, आणि हा फाटकावर वाकलेला होता.

मोगऱ्याचं काम छोटं. वाळक्या काड्या आणि फुलून गेलेले शेंडे चार बोटं कापले, बुडाशी कुजलेलं खत दिलं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे पावसाळ्यात थोडी फुलं मिळतात. खोल छाटणी डिसेंबर-जानेवारीत करायची, आता नाही. गुलाबाचंही तेच, फक्त सुकलेलं लाकूड काढलं. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. जूनमध्ये खोल छाटला तर सगळी कोवळी फूट पावसाळी दमटपणात सापडते आणि पानांवर काळे ठिपके येतात.

पाऊस यायच्या आधीचे दिवस

या दिवसांत जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

पूर्वेच्या तुकड्यात खणायचं नाही असं ठरवलं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाने फुगते, स्वतःलाच उलथते. आपण फक्त त्याचा फायदा घ्यायचा. पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत कोरडंच, दोन बोटं जाडीचं वर पसरलं आणि खराट्याने भेगांमध्ये लोटलं. पहिल्या पावसाबरोबर ते मुळांच्या खोलीपर्यंत गेलं. कुदळीने इतकं खोल घालायला दोन दिवस आणि पाठ दोन्ही गेली असती. त्यावर उसाचं पाचट अंथरलं. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, एका ओळखीच्या शेतातून पोतंभर मागून आणलं.

काकांनी मात्र एक ट्रॉली शेणखत आधीच मागवून फाटकाजवळ ओतून ठेवलं होतं. हात घातला तर आत गरम, वासही उग्र. अर्धवट कुजलेलं. ते बागेत घालू दिलं नाही. उष्णतेने मुळं भाजतात हे एक, आणि दुसरं हुमणी.

हुमणीचं या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिला वळीव पडला त्या संध्याकाळी सुनेचा फोन आला, "ताई, पोर्चच्या दिव्याखाली तपकिरी भुंग्यांचा खच पडलाय." काकू त्यांना साधे पावसाळी किडे समजून झाडत होत्या. मी गेले तेव्हा गल्लीतल्या कडुनिंबावर मोबाइलचा उजेड टाकला. पानापानावर भुंगेरे, खाताना होणारा बारीक कुरकुर आवाज ऐकू येत होता. हे हुमणीचे भुंगेरे. वळवाचा पाऊस झाला की ते संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग ओल्या मातीत, शेणखतात अंडी घालतात. त्यातून निघणाऱ्या पांढऱ्या अळ्या पावसाळाभर मुळं खातात. ऑगस्टमध्ये झाड अचानक सुकतं आणि आपण पाणी घालत बसतो. भुंगेरे पकडायचे तर एवढे चार दिवसच. दिव्याखाली टब ठेवून त्यात पाणी आणि थोडं रॉकेल किंवा साबण टाकलं. काकांनी लांब काठीने फांद्या हलवून खाली अंथरलेल्या चादरीवर भुंगेरे पाडले. शेजारची पोरंही आली. शेणखताचा ढीग प्लास्टिकने घट्ट झाकला.

कुंड्यांचं काम सुनेने केलं. प्रत्येक कुंडीच्या तळाचं भोक काडीने मोकळं केलं आणि खालच्या बशा काढून टाकल्या. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी कुंडीतून आरपार वाहून गेलं पाहिजे, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. बशी ठेवली तर तेच खारट पाणी झाड पुन्हा पितं. गच्चीच्या पन्हाळीखाली दोन पिंपं लावली. पहिल्या सरीचं पाणी धुळीचं म्हणून सोडून दिलं, पुढचं भरून घेतलं. बोअरला लागणारा हात त्यामुळे बराच कमी झाला.

हिरवी शेडनेट लगेच काढायची नाही हेही ठरलं. मृगात दोन दिवस पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी पडणारं ऊन फार कडक असतं. आर्द्रा संपेपर्यंत नेट वर ठेवली, फक्त बाजूचे पडदे काढले, म्हणजे वारा खेळता राहिला.

वाफसा

मृगाने निराश केलं नाही. दोन दमदार पाऊस झाले. दुसऱ्याच दिवशी काका खुरपं घेऊन तयार. मी त्यांना माती मुठीत दाबायला सांगितली. लगदा झाला, बोटांना चिकटला. अशा चिखलात पाय ठेवला तरी काळी माती दगडासारखी आवळते आणि लवकर मोकळी होत नाही. वाफसा यायची वाट बघितली. चौथ्या दिवशी मूठ दाबली की गोळा होई आणि बोटाने टिचकी मारली की फुटे. त्या दिवशी टोचणी केली.

गवार, अर्ध्या वाफ्यात भेंडी, कंपाउंडला लागून दोडका आणि कारलं, कडेला अंबाडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं होतं. काकूंच्या दोडक्याचं बी आधी ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून तपासलं होतं, आठ उगवले. वेलांना चढायला तुरकाट्या उभ्या केल्या. अंबाडी शेजारच्या तेलुगू घरातल्या आजींनी आग्रहाने लावायला लावली. या जमिनीत इतकी बिनतक्रार येणारी भाजी दुसरी नाही.

मग जुलै. पाऊस गेला. ढग आणि वारा.

गवारीला फरक पडला नाही. अंबाडीलाही नाही. भेंडी पाचटामुळे तरली, तीन झाडांची पानं पिवळ्या जाळीची झाली ती दिसताक्षणी उपटली. सुनेच्या सहा टोमॅटोंपैकी चारांची पानं गोळा झाली आणि झाडं खुजी राहिली, दोघांना फुलं आली पण वाऱ्यात गळाली. मिरची मात्र सहांपैकी चार टिकल्या, आणि चांगल्या टिकल्या. पाचटाचा थर जाड दिला आणि पिंपातलं पाणी मिळालं तर मृगातली मिरची इथे जगू शकते, एवढं त्या चार झाडांनी मला दाखवलं. टोमॅटोबद्दल माझं मत होतं तेच राहिलं. कारल्याला फळमाशीने छळलं. कोवळ्या फळांना जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधल्या ती तेवढी वाचली.

झेंडू आणि शेवंती

फुलांचं गणित सणापासून उलटं मोजायचं. झेंडूला बी टाकल्यापासून भर फुलायला अडीच-तीन महिने लागतात. दसरा दरवर्षी पुढे-मागे होतो, म्हणून कॅलेंडर बघून जुलैत तारीख धरली. यादीतला मृगातला झेंडू ऑगस्टमध्ये फुलून दसऱ्याला संपला असता. रोपं लावल्यावर महिन्याभराने शेंडा खुडला, झाडं बसकी आणि फांद्यांनी भरलेली झाली.

शेवंतीच्या वाचलेल्या कुंड्यांमधून बुडाचे फुटवे वेगळे करून लावले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या गच्चीवर परत नेल्या, कारण सूर्य आता दक्षिणेकडे सरकत होता आणि दक्षिणेच्या बोळात ऊन येऊ लागलं असलं तरी शेवंतीला लागतं तेवढं नव्हतं. गच्चीवर त्यांची जागा निवडताना एक गोष्ट पाहिली. रस्त्याचा दिवा गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यावर रात्रभर पडतो. शेवंती रात्र लांबू लागली की कळ्या धरते, आणि रात्रीचा उजेड पडत राहिला तर तिला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही. मागल्या वर्षी त्याच कोपऱ्यातल्या दोन कुंड्या फुलल्याच नव्हत्या आणि काकूंनी वाण वाईट म्हणून टाकून दिल्या होत्या. या वेळी सगळ्या कुंड्या जिन्याच्या खोलीआड गेल्या.

सप्टेंबर

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ट्रेमध्ये टाकलेली वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं ऑगस्टअखेर जमिनीत गेली. पूर्वा नक्षत्राच्या पावसाने ती धरली, उत्तराच्या पावसाने वाढली. सप्टेंबरच्या शेवटी टोमॅटोला पहिली फुलं आली तेव्हा रात्री गार होऊ लागल्या होत्या, फुलं टिकली. छाटलेली पाच वांगी तोवर दोनदा तोडून झाली होती. काकांचं शेणखत झाकणाखाली पूर्ण कुजलं, चाळून पाहिलं तेव्हा हुमणीच्या थोड्या अळ्या निघाल्या, त्या साळुंक्यांनी संपवल्या. ते खत आता मेथी, कोथिंबीर आणि लसणाच्या वाफ्यांत जाणार आहे.

उत्तरेच्या पट्टीचा निर्णय बाकी आहे. काकूंना तिथे अळू हवं आहे, सुनेला नागवेल. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत ती पट्टी सावलीची आणि ओलसर, दोन्हींना मानवेल. अडचण मे-जूनची. अळू तेव्हा वरून सुकलं तरी कंद जमिनीत राहतो आणि पावसात पुन्हा फुटतो. नागवेल मात्र एका दुपारच्या उन्हात जाते, तिला दरवर्षी त्या दिवसांत पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंना पडदा बांधावा लागेल. काका म्हणतात पडदा मी बांधीन. मी अळू लावा म्हटलं आहे.